शेतघराच्या थाटाची जेवणाची खोली : अहिल्यानगर जिल्ह्यात खर्च किती येतो?

दहा बाय बारा फुटांची जेवणाची खोली गावाकडच्या घरासारखी सजवायची असेल, तर तीन आकडे आधीच समोर ठेवावेत. घरात आहे त्यावरच हात फिरवला तर १२,५०० ते १९,५०० रुपये. बाभळीचं नवं टेबल, दोन बाक, दोन खुर्च्या आणि भिंतीत दोन कोनाडे करून घेतले तर ३८,५०० ते ५४,६००. त्यावर फरशी बदलली आणि बाभळीऐवजी साग घेतला, तर ७० हजार ते एक लाख. हे २०२५च्या सुमाराचे अंदाज आहेत. संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डी, जामखेड इथले भाव एकमेकांपासून थोडे वेगळे निघतील, म्हणून प्रत्येक वस्तूचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्यावाच. पण हिशेब कसा मांडायचा, कुठे हात आखडायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे सगळीकडे सारखंच आहे.

पहिला सल्ला हा की दुकानात जाऊन ‘फार्महाऊस सेट’ मागू नका. ज्या जिल्ह्यात माळवदाची घरं, वस्तीवरच्या पडव्या आणि बांधावरच्या बाभळी अजून उभ्या आहेत, तिथे या थाटाचं निम्मं सामान घरातच असतं. पैसा लागतो तो कारागिराच्या हाताला, आणि तिथे तो खुशाल खर्च करावा.

फोटोतलं काय घ्यावं, काय सोडावं

मोबाइलवर दिसणारी ‘फार्महाऊस’ खोली बहुतेक वेळा अमेरिकेतली असते. २०१३ ते २०१८ या काळात टेक्सासमधल्या वेको गावातल्या चिप आणि जोआना गेन्स या दांपत्याचा ‘फिक्सर अप्पर’ हा कार्यक्रम तिकडे गाजला आणि पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळ्यांच्या भिंती, मुद्दाम खरवडलेलं फर्निचर, सरकते जाड दरवाजे यांची लाट जगभर पसरली.

त्यातलं जाडजूड लाकडी टेबल, पाठ नसलेले बाक, उघड्या फळ्यांवर मांडलेली भांडी आणि पिवळसर उजेड आपल्याकडे सहज शोभतो, कारण आपल्या घरांत ते आधीपासून होतंच. भिंतीवर फळ्या ठोकणं मात्र टाळावं. भिंत आणि फळी यांच्यातल्या पोकळीत वाळवी शिरली की बाहेरून पत्ता लागत नाही. पांढऱ्या रंगाचं टेबलही नको. हळद, तिखट आणि काळा मसाला रोज वापरणाऱ्या घरात ते चार महिन्यांत डागाळतं.

त्याऐवजी आपल्या वाड्यांकडे पाहा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, जुन्या वाड्याची मांडणी पाहायला मिळते. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दरवाजे, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी एकाच ठिकाणी आहेत. खरेदीआधी अशी एक फेरी केली की खांबांची जाडी, कोनाड्यांची उंची आणि भांड्यांचे आकार डोळ्यांत बसतात. मग दुकानदार जे पुढे करेल तेच घ्यावं लागत नाही.

आधी टेप, मग पैसे

१० बाय १२च्या खोलीत ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद टेबल ठेवलं की चारही बाजूंना साडेतीन फूट जागा उरते. बसलेल्या माणसाच्या मागून वाढणाऱ्याला जायला किमान अडीच, शक्यतो तीन फूट लागतात. त्यामुळे या खोलीत सहा फुटी टेबलाचा मोह धरू नये.

टेबलाची उंची २९ ते ३० इंच, बाकाची १७ ते १८ इंच ठेवावी. जेवायला प्रत्येकी दोन फूट रुंदी लागते. टेबलाचे पाय वजा जाता मध्ये चार फूट राहतात, म्हणून बाकही चार फुटांचेच करावेत. तेव्हाच ते टेबलाखाली सरकतात. दोन बाकांवर चार आणि टोकांना दोन खुर्च्या, अशी सहा माणसं नीट बसतात.

या दोन खुर्च्यांना पाठ हवीच. बाक देखणा दिसतो, पण आजी-आजोबांना टेकायला काही नसलं तर ते अर्ध्या जेवणात उठतात. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर जमिनीवरच्या पाट-चौरंगाच्या बैठकीचा बेत फक्त सणावारापुरता ठेवा. चार पाट भिंतीशी उभे करून ठेवले तर जागाही अडत नाही.

लाकूड : सगळ्यात मोठा खर्च

लाकूड घनफुटावर विकतात, आणि हा हिशेब ग्राहकाला यायलाच हवा. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ने भागायचं. पाच फूट लांब, ३६ इंच रुंद, दीड इंच जाड टेबलाच्या वरच्या फळीला असं पावणेदोन घनफुटांहून थोडं जास्त लाकूड लागतं. पाय आणि चौकट धरून टेबलाला तीन घनफूट, दोन बाकांना दोन घनफूट, म्हणजे एकूण पाच. रंधा, काटछाट आणि खराब निघालेला भाग यांची २५ टक्के घट धरली की सव्वासहा. आपण साडेसहा धरून चालू. सुताराने याच मापाला दहा घनफूट सांगितले तर कागद पुढे करून हिशेब मागा. बरेचदा आकडा तिथेच खाली येतो.

आता कोणतं लाकूड?

बाभूळ : वाळलेल्या, चिरलेल्या लाकडाला घनफुटाला ९०० ते १,२०० रुपये. बैलगाडीच्या चाकाला आणि अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हे लाकूड वजनदार आणि चिवट असतं. रंधा मारायला जड जातं म्हणून काही सुतार नाक मुरडतात. आतला तांबूस गाभाच घ्या, कडेच्या फिकट भागाला भुंगा लवकर लागतो.

कडुनिंब : साधारण त्याच भावात. कीड कमी लागते. रंग आणि रेषाही चांगल्या, पण लांब सरळ फळी मिळायला शोधाशोध करावी लागते.

साग : ३,२०० ते ४,५०० रुपये. हवामानाबरोबर कमीत कमी हलतो. कारखान्यातल्या फर्निचरमध्ये साग म्हणून विकलेलं लाकूड कधी वरून सागाचा पातळ थर चिकटवलेलं प्लायवूड असतं. फळीचं टोक पाहा. खऱ्या लाकडात वरची रेषा टोकापर्यंत उतरलेली दिसते.

आंबा : सगळ्यात स्वस्त, पण भुंगा आणि बुरशीला पटकन बळी पडणारा. औषध दिलेलं असेल तरच घ्यावा.

बांधावर स्वतःची बाभूळ असेल तर लाकूड जवळजवळ फुकटात पडतं. चिराईची मजुरी आणि ने-आण, एवढाच खर्च. तरी दोन गोष्टी तपासा. राज्याच्या १९६४च्या झाडतोडीच्या कायद्यात साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, खैर अशी झाडं अनुसूचित आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत, पण लाकूड गाडीत भरण्याआधी वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात वाहतुकीबद्दल विचारून घ्यावं. शहराच्या हद्दीत १९७५चा वेगळा कायदा लागू होतो आणि तिथे कुठल्याही झाडाला परवानगी लागते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं, दीड इंचाला त्याहून जास्त. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात. वाळलं की नाही हे कळायला घरचा वजनकाटा पुरतो. एक तुकडा आठवड्याला तोलायचा. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेच भरलं की लाकूड सुताराला द्यायचं. घाई केली तर टेबल वर्षभरात तडकतं.

नगर, पारनेर, कर्जत, पाथर्डी हा अवर्षणाचा पट्टा आहे. इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उष्म्यात लाकूड आक्रसतं. उलट अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात तेच फुगतं. म्हणून टेबलाच्या फळ्या खालच्या चौकटीला खिळ्यांनी जखडून टाकू देऊ नका. लांबट भोकं पाडून त्यात स्क्रू बसवले तर फळी हलायला जागा मिळते. मजुरीत याचे दोन-चारशे रुपये वाढतील, पण टेबल वाचेल.

जुन्या वाड्याचं लाकूड

जुने वाडे उतरवले जातात तेव्हा सागाच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या २,००० ते ३,५०० रुपये घनफुटाने मिळतात. हे लाकूड दशकानुदशकं वाळलेलं असल्यामुळे तडकण्याची भीती कमी. घेताना टोकं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा बारीक भोकांतून ताजी पिठूळ भुकटी पडली, तर कीड अजून जिवंत आहे. खिळे काढायचे पैसे आधी ठरवा, कारण आत राहिलेला खिळा रंध्याचं पातं मोडतो आणि सुतार ते तुमच्या बिलात लावतो.

जुन्या रंगवलेल्या दारांची फळी वापरणार असाल तर आणखी काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग कोरडा घासू नये, ओला करून अंगणात काढावा, लहान मुलांना लांब ठेवावं आणि जेवणाच्या टेबलाला ती फळी वापरूच नये. भिंतीवरच्या सजावटीला चालेल.

शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. साध्या तुळया आणि फळ्यांचा प्रश्न नाही, पण कोरीव मूर्ती किंवा देव्हारा कोणी विकत असेल तर परवाना आणि पावती पाहिल्याशिवाय हात लावू नका.

सुताराची मजुरी आणि पॉलिश

टेबल आणि दोन बाकांना सात दिवस धरा. सुताराची हजेरी १,००० ते १,२००, हाताखालच्याची ६०० ते ७००, म्हणजे ११,२०० ते १३,३०० रुपये. स्क्रू, डिंक, पॉलिश-कागद आणि तेल यांना ३,००० ते ४,५००. बाभळीच्या लाकडासह सगळं मिळून २०,००० ते २५,६०० होतात. ऑनलाइन किंवा शहरातल्या शोरूममध्ये सहा माणसांचा शिसवी संच साधारण २५,००० ते ४५,००० रुपयांना दिसतो. म्हणजे घरच्या सुताराचं काम फार स्वस्त पडतं असं नाही. पण माप तुमचं, लाकूड डोळ्यांदेखत, आणि पाच वर्षांनी पाय हलला तर तोच सुतार येऊन बसवून देतो.

पॉलिशमध्ये दोन वाटा आहेत. जवसाचं उकळलेलं तेल आणि मेण सर्वांत स्वस्त. लाकडाचा पोत दिसतो आणि ओरखडा घरीच बुजवता येतो, मात्र हळदीचा डाग आत मुरतो. तो उन्हात फिका पडतो, म्हणून टेबल खिडकीजवळ असेल तर चिंता कमी. दुसरी वाट लाकडावर थर धरणाऱ्या पॉलिशची : मेलामाईनला चौरस फुटाला ५० ते ९० रुपये आणि पीयूला १२० ते २०० रुपये पडतात. त्यावर डाग राहत नाही, पण ओरखडा उठला तर पूर्ण पृष्ठभाग पुन्हा करावा लागतो. तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या अंगणात पसरून वाळवाव्यात.

वाड्यातला लाकडी खांब जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करत, तो ओल आणि वाळवीपासून वाचावा म्हणून. टेबल-बाकांच्या पायांनाही त्याच कारणासाठी खालून रबराच्या किंवा लोखंडाच्या टोप्या बसवून घ्या. काळ्या मातीच्या वस्तीवर हा शे-दोनशे रुपयांचा खर्च टाळू नये.

भिंत : कमी पैशांत सर्वांत मोठा बदल

दगड-मातीच्या जुन्या घरात चुन्याचा हात हाच उत्तम. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. त्याच भिंतीवर प्लॅस्टिक पेंट दिला तर आतली ओल अडकते आणि पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. १० बाय १२च्या खोलीत दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३६० चौरस फूट भिंत भरते. चुना, डिंक आणि दीड दिवसाची मजुरी धरून तीन हातांचा खर्च, खालच्या दोन फुटांच्या गेरूच्या पट्ट्यासह, ३,००० ते ४,००० येतो. बाकावर बसणाऱ्यांची पाठ आणि मुलांचे हात जिथे लागतात तिथेच गेरू असल्यामुळे भिंत मळकी दिसत नाही.

सिमेंटच्या घरात भिंतीवर आधीचा ऑइल किंवा प्लॅस्टिक पेंट असेल तर चुना धरत नाही. खरवडून घ्यावं लागेल, किंवा सरळ चुन्याच्या छटेचा मॅट रंग द्यावा. पुट्टीसह चौरस फुटाला १२ ते २० रुपये, म्हणजे ४,३०० ते ७,२००.

कोनाडे हा या खोलीचा खरा दागिना. नऊ इंची विटेच्या भिंतीत पाच-सहा इंच खोल कोनाडा गवंडी दिवसभरात काढतो. साहित्यासह एकाला २,००० ते ३,०००. साडेचार इंची भिंतीत किंवा काँक्रीटच्या खांबात तो कधीच कोरू नये. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत कोरायचा असेल तर वर तुळई टेकलेली नाही ना, हे अनुभवी गवंड्याला दाखवून घ्या. जागा नसेल तर दीड ते अडीच हजारांत एक जाड फळी लोखंडी कोनांवर बसवता येते.

माळवदाखाली जेवत असाल तर वरून माती पडण्याची तक्रार जुनीच आहे. कडीपाट झाकून टाकणारं पीओपीचं छत करू नका. ते गळतीही लपवतं आणि थाटही घालवतं. आधी वरची गळती बंद करा, मग तुळयांच्या मधल्या खणांत बांबूची चटई बसवून घ्या.

फरशी बदलायची का?

घरात चांगल्या टाइल्स असतील तर माझं स्पष्ट उत्तर नाही असंच आहे. हा सर्वांत जास्त धुळीचा आणि सर्वांत कमी फायद्याचा खर्च. टेबलाखाली सतरंजी पसरा आणि पैसे लाकडात घाला.

बदलायचीच असेल तर कोटा घ्या, शहाबादी ओसरीला ठेवा. दोन्ही चुनखडीचे दगड. एक राजस्थानातून येतो, दुसरा कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून. कोटा जास्त घट्ट असतो. लिंबू, चिंच, आमसुलाचं सार सांडलं तर दोन्हींवर फिका डाग पडतो, म्हणून लगेच पुसायला हवं. बोअरच्या क्षारपाण्याने फरशी पुसली तर पांढरी साय धरते. शेवटचा हात साध्या पाण्याचा असावा.

हिशेब असा : तुटफूट धरून १३० चौरस फूट कोटा ५५ ते ८० रुपयांनी ७,१५० ते १०,४००. बसवणूक साहित्यासह ५,४०० ते ७,८००. पॉलिश २,४०० ते ३,६००. जुनी फरशी उखडून राडारोडा नेणं १,८०० ते ३,०००. एकूण १६,७५० ते २४,८००. राडारोड्याचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का, हे आधी विचारा. भांडण बहुधा त्यावरूनच होतं.

दिवा, भांडी, घोंगडी

बुरुडाकडून दीडशे ते पाचशे रुपयांत चांगली विणलेली दुरडी आणा आणि उलटी टांगून तिचा दिवा करा. आत ९ वॅटचा पिवळसर एलईडी लावा, साधा जुना बल्ब नको, तो बांबूला तापवतो. टेबलापासून दिवा २८ ते ३२ इंच वर असावा, म्हणजे डोळ्यांत उजेड येत नाही आणि समोरच्याचा चेहराही दिसतो. वायरमनसह १,२०० ते १,८००. वस्तीवर वीज जाते तिथे हा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वायर जुन्या तुळईवर उघडी न नेता पाइपातून न्या.

भांडी विकत घेण्याआधी माळा उतरवा. घंगाळ, हंडा, तांब्या, पातेली, परात यांतलं काहीतरी निघतंच. नवं पितळ किलोला साधारण ८०० ते १,१००, तांबं त्याहून महाग, आणि भाव सतत हलतो. मोडीच्या भावात तुमची जुनी परात देऊन नवं पातळ भांडं घेण्याचा सौदा करू नका. जुन्याची जाडी आज त्या पैशांत मिळत नाही. रोजच्या वापराला सहा-आठ नगांची कल्हई आणि घासणी १,५०० ते २,५०० रुपयांत होते. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात ताक, सार, लोणचं, चिंचेची आमटी ठेवू नये. आंबट पदार्थात तांबं उतरतं. जी भांडी फक्त मांडायची आहेत त्यांना कल्हईची गरज नाही.

माठ आणि तिवई ८०० ते १,२००. सतरंजी किंवा घोंगडी १,५०० ते ३,०००. पारनेर, कर्जत, जामखेडच्या धनगर वस्त्यांवर अजून हाताने विणलेली घोंगडी मिळते. तिचा भाव करताना लोकर कातण्यापासून विणण्यापर्यंतचं काम लक्षात घ्या आणि फार घासाघीस करू नका. ती जमिनीवर टाकण्यापेक्षा बाकावर घडी करून ठेवा आणि महिन्याला ऊन दाखवा, म्हणजे कसर लागत नाही. काष्टी, लोणी, घोडेगाव इथल्या जनावरांच्या बाजारांत दोर, घुंगरमाळा आणि इतर साज मिळतो. त्यातली एखादी वस्तू भिंतीला पुरते. दहा टांगल्या तर जेवणाची खोली प्रदर्शनासारखी दिसते आणि धूळ पुसता पुसता घरातल्या बायका कंटाळतात.

तीन अंदाजपत्रकं

पहिलं, आहे त्यावर :
चुना आणि गेरू – ३,००० ते ४,०००
जुन्या टेबलाची घासाई व पॉलिश – ३,००० ते ४,५००
कल्हई – १,५०० ते २,५००
दिवा – १,२०० ते १,८००
सतरंजी किंवा घोंगडी – १,५०० ते ३,०००
माठ, तिवई – ८०० ते १,२००
भांड्यांची फळी – १,५०० ते २,५००
एकूण – १२,५०० ते १९,५००

दुसरं, बाभळीचं :
वरचंच, टेबल-दुरुस्ती वगळून – ९,५०० ते १५,०००
नवं टेबल, दोन बाक – २०,००० ते २५,६००
पाठीच्या दोन खुर्च्या – ५,००० ते ८,०००
दोन कोनाडे – ४,००० ते ६,०००
एकूण – ३८,५०० ते ५४,६००

तिसरं, सागाचं :
दुसऱ्या अंदाजपत्रकाची रक्कम – ३८,५०० ते ५४,६००
बाभळीऐवजी साग, वाढीव – १५,००० ते २१,५००
कोटा फरशी – १६,७५० ते २४,८००
एकूण – ७०,२५० ते १,००,९००

प्रत्येकावर दहा टक्के हातात राखून ठेवा. कर्ज काढून किंवा हप्त्याने तिसरं अंदाजपत्रक करण्यापेक्षा या वर्षी पहिलं आणि पुढच्या वर्षी दुसरं, हा मार्ग बरा. या थाटाला एकदम पूर्ण होण्याची घाई नसते.

उचल, पावती आणि तक्रार

काम मजुरीवर आहे की सामानासह, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मजुरीवर असेल तर लाकूड स्वतः घ्या आणि उरलेले तुकडे घरी ठेवा. चिठ्ठीवर लाकडाचं नाव, फळीची जाडी, मापं, पॉलिशचा प्रकार, तारीख आणि रक्कम लिहून दोघांनी सही करावी. उचल तीस टक्क्यांहून जास्त देऊ नये. तितकीच रक्कम सांगाडा उभा राहिल्यावर द्यावी आणि उरलेली पॉलिश वाळून टेबल खोलीत लागल्यावर. काम चोख झालं तर शेवटचे पैसे त्याच दिवशी द्या. कारागिराला चार खेपा घालायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

शोरूममधून घेताना जीएसटीची पक्की पावती घ्या. लाकडी फर्निचरवर १८ टक्के कर आहे. बांबू-वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के. सांगितलेली किंमत करासह आहे का आणि घरपोच नेऊन जोडणीचे पैसे वेगळे आहेत का, हे विचारा. पावतीवर ‘लाकडी टेबल’ एवढंच नको, लाकडाचं नाव लिहून घ्या. उद्या सागाच्या जागी दुसरं निघालं तर तोच पुरावा.

फसवणूक झाली तर आधी लेखी तक्रार दुकानदाराकडे द्या. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

कामाचा क्रम

आधी गळती आणि वायरिंग. मग कोनाडे, कारण त्यात तोडफोड असते. त्यानंतर फरशी आणि तिचं पॉलिश, मग चुना आणि गेरू, मग टेबल-बाक, आणि सर्वांत शेवटी भांडी, दिवा, घोंगडी. हा क्रम उलटला तर एकच काम दोनदा करावं लागतं. सुताराचं काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळी उरकल्यानंतरचा काळ चांगला, लाकूड कोरडं असतं. त्या सुमारास हुरड्याला पाहुणे येतात, आणि चार फुटी बाक दोघांनी उचलून पडवीत नेता येतो. म्हणून बाक हलवता येईल इतकेच जड करून घ्या.

पैसे कमी पडले तर दिव्याची, सतरंजीची, माठाची खरेदी पुढे ढकला. लाकडाची जाडी, सांध्यांची मजबुती आणि वायरिंग यांत काटकसर करू नका. बाकी सगळं नंतर बदलता येतं, टेबलावर मात्र घरातली माणसं पुढची तीस वर्षं जेवणार आहेत.